चौबळकाकांचे दोन साक्षीदार

चौबळकाकांनी आयुष्यात पुराव्याशिवाय कुणावर विश्वास ठेवला असेल तर तो फक्त काकूंवर. आणि तोही, त्यांच्याच म्हणण्यानुसार, लग्नाला दोन्हीकडची माणसं साक्षीला होती म्हणून.

एरवी त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. रिक्षात बसले की ते पाठ टेकत नसत, पुढे वाकून मीटरकडे बघत राहत. टीव्हीवर हवा कोरडी राहील असं सांगितलं की ते छत्री घेऊन निघत. पपईवाला म्हणाला, "काका, साखर आहे साखर," तर काका म्हणत, "मग साखरेच्या दुकानात ठेव. मला पपई दाखव." वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहत आणि मी तळमजल्यावर. जिन्यात भेटले तर "काय म्हणता, अकाउंटंट?" एवढं विचारून ते माझ्या पिशवीकडे बघत. पिशवीत काय आहे ते माझ्या उत्तरापेक्षा पिशवीनेच त्यांना खरं सांगितलं असतं, असा काहीसा तो भाव असे.

मी एका खासगी कंपनीत हिशेब तपासतो. संशय घेण्याचा मला पगार मिळतो. काका ते काम हौसेने करत. त्यामुळे आमचं बरं जमायचं, आणि त्याच कारणाने आम्ही एकमेकांवर नजरही ठेवून असायचो.

निवृत्त होईपर्यंत काका ठाण्याहून डोंबिवलीच्या मानपाड्याला जात. तिथल्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या एका कारखान्यात ते कॉम्प्रेसर हाऊसचे सुपरवायझर होते. मशीनवर हात ठेवून ते बेअरिंग कधी जाणार हे सांगत, असं ते स्वतः सांगत. याला दुसरा साक्षीदार नव्हता म्हणून मी ते अर्धंच धरत असे. पक्ष्यांचा नाद मात्र लहानपणापासूनचा. येऊरच्या जंगलात ते ठाण्याला इतक्या इमारती नव्हत्या तेव्हापासून जात होते. निवृत्तीनंतर थंडीच्या दिवसांत ते आम्हा वसाहतीतल्या दहाबारा जणांना रविवारी तिकडे न्यायला लागले.

रविवारचं येऊर ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. राष्ट्रीय उद्यान आहे हे फक्त फाटकावरच्या पाटीवरून कळतं. मोटरसायकलींची रांग, कुणाच्या सॅकमध्ये वाजणारा स्पीकर, भेळेचे कागद, झाडाला टेकून तोच चेहरा पुन्हा पुन्हा करून स्वतःचा व्हिडिओ घेणाऱ्या मुली, आणि या सगळ्यांवर झाडावरून पाळत ठेवणारी माकडं. काका फाटकापाशी आमची तपासणी करत. लाल शर्ट चालत नसे. पिशव्या उघडून ते चुरचुरणारी वेष्टनं काढायला लावत. मग एकेकाजवळ येऊन चक्क वास घेत.

"सेंट लावलंय."

"नाही हो काका, साबण आहे," आमचे पाटणकर म्हणत. ते बँकेतून निवृत्त झालेले, हौशी गृहस्थ.

"साबण कानामागे लावतात? मागे राहा. मधमाश्या आल्या तर आधी तुमच्याकडे येऊ देत."

आत शिरल्यावर बोलायचं नाही हा पहिला नियम. दुसरा नियम त्यांचा स्वतःचा होता आणि तो मी दुसऱ्या कुठल्याही पक्षीवाल्याकडे पाहिलेला नाही. कुणाला पक्ष्याचा आवाज आला की त्याने नुसता हात वर करायचा. नाव सांगायचं नाही. काका त्याला बाजूला बोलवत आणि तो आवाज तोंडाने काढून दाखवायला सांगत. मग त्याला झाडामागे उभं करून दुसऱ्या कुणाला बोलवत, आणि पहिल्याचं ऐकू न देता तोच आवाज त्याच्याकडून काढून घेत. पोलीस जबाब घेतात तसं. दोघांचं जुळलं तरच काका पक्ष्याचं नाव सांगत.

"एकाने ऐकलं ती बातमी," ते म्हणत. "दोघांनी ऐकलं तो पुरावा."

एकदा पाटणकर सागाच्या झाडामागे उभे राहून मान उडवत "टुविट, टुविट, टुविट" करत होते आणि बाजूने डबे घेऊन चाललेलं एक कुटुंब थांबून बघायला लागलं. त्यातली छोटी मुलगी म्हणाली, "मम्मी, ते आजोबा कायपण करतात." काकांनी ओठांवर बोट ठेवून त्या सगळ्या कुटुंबाला गप्प केलं, पाटणकरांचं पुरतं ऐकून घेतलं, मला बोलावलं, माझंही ऐकलं आणि सांगितलं, "शिंपी. खाली बघा, झुडपात. वर नाही." आम्ही खाली पाहिलं. तिथे शिंपी होता.

लोक खूश असत. पाटणकर म्हणत, हीच खरी शिकवण्याची पद्धत. उत्तर आयतं द्यायचं नाही. मलाही तसंच वाटे. पण हिशेब तपासणाऱ्याला एक खोड असते. आकडे जुळले की तो समाधानी होत नाही; फारच नीट जुळले की त्याला झोप येत नाही.

मला खटकली ती त्यांची एक अट. शिट्टी वाजवायची नाही. बरेचसे पक्षी शिट्टी घालतात आणि पाटणकरांना शिट्टी सुरेख येते. पण त्यांनी ओठ गोल केले की काका चिडत. "शिट्टी नको. शिट्टीत सगळे पक्षी सारखेच. अक्षरात सांगा." मग मी लक्ष ठेवायला लागलो. भारद्वाज रानात कुठे घुमला की काका आमच्या आधी मान वळवत. तांबटाची टुक टुक त्यांना बसमधूनही ऐकू येई. होला घुमला तरी तेच पहिले. पण शिंजीर, शिंपी, सुभग यांतला एकही पक्षी त्यांनी आपणहून, आमच्यापैकी कुणी हात वर करण्याआधी, ओळखल्याचं मला आठवेना. जाड आवाजांच्या रकान्यात काका होते. बारीक आवाजांच्या रकान्यात फक्त आम्ही होतो.

मग दाराच्या घंटीचा प्रसंग घडला. काकांकडे ती जुनी, चिमण्यांच्या किलबिलाटाची बेल होती. एकदा पाण्याच्या टाकीच्या वर्गणीसाठी मी वर गेलो. आतलं दार उघडं होतं, जाळीचं लावलेलं. काका समोरच खुर्चीत बाजूला तोंड करून पेपर वाचत होते. मी बेल दाबली. घरभर चिमण्या ओरडल्या. काकांनी पान उलटलं. मी पुन्हा दाबली. काकांनी चष्मा पुसला. तिसऱ्यांदा दाबल्यावर काकू हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे.

"पेपरात डोकं असतं हो त्यांचं," त्या म्हणाल्या. मी काही विचारलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी काकांची परीक्षा घेतली. नवरंग हा पक्षी आमच्याकडे पावसाच्या तोंडाशी येतो, थंडीत तो इथे नसतो, हे काकांनीच शिकवलेलं. मी हात वर केला, बाजूला गेलो आणि नवरंगाची दोन अक्षरी हाक काढली. "व्हीट-टू." म्हटलं, त्यांना खरोखर ऐकू येत असेल तर म्हणतील, जाधव, असला आवाज झालाच नाही.

काका माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"कुठून आला?"

"त्या बांबूंकडून."

"या महिन्यात?"

"आला खरा."

"दुसरा साक्षीदार?"

"मी एकटाच होतो."

"अकाउंटंट," ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "व्हाउचर बोगस आहे."

आणि चालू लागले. मी पकडला गेलो होतो, पण माझा प्रश्न सुटला नव्हता. त्यांनी मला पकडलं ते कानांनी नव्हे, कॅलेंडरने.

आता प्रश्न साधा राहिला नव्हता. येऊरमध्ये बिबटे आहेत. माकडं, भेकरं ओरडून इशारा देतात, आणि दहाबारा माणसांच्या पुढे चालणाऱ्याला तो ऐकू यायला हवा. कुणाला तरी सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर काकांचा रविवार संपला असता, आणि काकांचा आठवडा रविवारपासून रविवारपर्यंतच असायचा. शिवाय सांगणार काय? दाराची बेल आणि माझा अंदाज. काकांच्याच नियमाने ती बातमी होती, पुरावा नव्हता. साक्षीदार मी एकटाच होतो. दुसरी साक्ष होती ती काकूंची, आणि ती त्यांनी दारातच फिरवली होती. मी गप्प राहिलो, आणि प्रत्येक फेरीत काकांच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर चालायला लागलो. त्यांनी ते ओळखलं असणार. एकदा म्हणाले, "माझ्या पाठीवर काय व्याज मिळतंय का तुम्हाला?"

जानेवारीतल्या फेरीला पाटणकरांच्या ओळखीने शिल्पा मोकल पहिल्यांदा आली. तिशीतली, मानपाड्याच्या बाजूच्याच गावातली, तिथल्याच एका प्रयोगशाळेत कामाला. काकांच्या कारखान्याचं नाव तिला माहीत होतं, म्हणून काकांनी तिला दोन प्रश्न कमी विचारले. तिच्या फोनमध्ये आवाजावरून पक्ष्याचं नाव सांगणारी सोय होती. बसमध्ये ती मला म्हणाली, "जाधवकाका, तुम्ही लोक अजून तोंडाने चिवचिव करता? मला पाटणकरकाका बोलले तर मी हसत सुटलेली. हे बघा, नुसता फोन धरायचा."

"चौबळकाकांना विचारा," मी म्हणालो.

"विचारलं. ते बोलले, फोनला शपथ घालता येते का?"

त्या दिवशी गर्दी नेहमीपेक्षाही जास्त होती. जोडून सुट्टी आली होती आणि अर्धं ठाणे नि अर्धी डोंबिवली वर आली होती. पायवाटेवर समोरून येणाऱ्यांना वाट देण्यातच वेळ जाई. ओढ्याच्या वळणाआधी शिल्पाने हात वर केला, एका हातात फोन. "काका! स्वर्गीय नर्तक! हे बघा, आलंय नाव."

मंडळी फोनभोवती जमली. तो लांब पांढऱ्या शेपटीचा देखणा पक्षी पाहायला लोक कुठून कुठून येतात. काकांनी फोनकडे पाहिलंही नाही.

"तोंडाने काढ."

"अहो पण नाव आलंय ना!"

"नावावर काय जातंय. तोंडाने काढ."

ती लाजली, इकडेतिकडे पाहिलं, मग काढला. "च्वीच. चे-च्वीच." काकांनी तिला बाजूला केलं, मला बोलावलं. मी काढला. मग पाटणकरांना. तिघांचं जुळलं. पाटणकर तर दुर्बीण काढून तयार. पण काकांच्या कपाळावर आठी आली.

"मध्ये किती थांबतो?"

आम्ही पुन्हा ऐकलं. मी घड्याळाकडे बघत ऐकलं, सवयीने. "दर वेळी तेवढाच," मी म्हणालो. "अगदी तेवढाच."

"आणि क्रम?"

"तोच. आधी एक, मग जोडी."

"मग तो पक्षी नाही," काका म्हणाले. "ते मशीन आहे. जिवंत प्राणी कधी असा ठोक्याला ठोका देत नाही. तो दमतो, विसरतो, इकडेतिकडे बघतो."

वळणापलीकडे गेलो तर हिरवी जाळी पांघरून एक छायाचित्रकार बसला होता. समोर दगडावर छोटा स्पीकर. पक्ष्याला फसवून जवळ बोलवायला त्याने फोनवरून आवाज लावून ठेवला होता. काकांनी त्याला काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो जाळी-स्पीकर गुंडाळून निघून गेला.

"म्हणजे माझ्या फोनने त्याच्या फोनला ओळखलं," शिल्पा म्हणाली आणि स्वतःच खदखदून हसली. काकाही हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी क्वचितच पाहिलं होतं. मला वाटलं, जाऊ दे. बारीक ऐकू येत नाही तर नाही. एवढं डोकं चालतंय तोवर कानांचं काय अडलंय? हिशेब मिटवून टाकावा, असं मी मनात ठरवलं.

अर्ध्या तासात तो पुन्हा उघडावा लागला.

जेवून आम्ही परत निघालो. वनरक्षकांच्या चौकीपाशी वाट फुटते. आम्हाला खालच्या वाटेने जायचं होतं. काका पुढे, त्यांच्यामागे मी, बाकीचे थोडे रेंगाळत. आम्ही चौकी ओलांडून उतारावर लागलो आणि मागून शिट्टी वाजली. वनरक्षकाची, धातूची, कानात सुई जावी तशी. पुन्हा वाजली. मी वळून पाहिलं. रक्षक चौकीच्या पायरीवर उभा राहून हात हलवत होता, खालची वाट बंद असं सांगत होता. आमची सगळी मंडळी जागच्या जागी थांबली होती. बाजूने जाणारी अनोळखी माणसंही थांबली. मोठ्याने गाणी लावलेल्या पोरांनी गाणी बंद केली.

एकटे काका चालत होते. काठी टेकत, सावकाश, उताराच्या खाली. शिट्टी वाजतच होती.

मग खालून माणसं धावत येताना दिसली, डोक्यावर ओढण्या, जॅकेटं. कुणीतरी आग्यामोहोळाला दगड मारला होता. मी धावलो आणि मागून काकांच्या सॅकचा पट्टा धरून त्यांना ओढलं. ते रागाने वळले. "काय चाललंय, अकाउंटंट?" एवढ्यात त्यांच्या भुवईवर माशी बसली. मी त्यांना खाली दाबलं, त्यांची छत्री उघडली, आणि आम्ही दोघे छत्रीखाली मान घालून, वाकून, मुंगीच्या चालीने वर आलो. मला हातावर डंख, त्यांना भुवईवर. बाकी निभावलं.

चौकीच्या आत बसवून रक्षकाने त्यांच्या भुवईतला काटा काढला आणि दटावलं, "आजोबा, केव्हापासून शिट्टी मारतोय! ऐकायला येत नाय का?"

काकांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पाटणकर बुटाची नाडी बांधायला वाकले. मी हाताला चुना लावत राहिलो.

मग काका उठले. शिल्पाला चौकीच्या मागे बोलावलं. मी खिडकीपाशीच होतो.

"शिट्टी वाजली?"

"हो, काका."

"कशी? तोंडाने काढून दाखव."

"काका, राहू द्या ना आता."

"काढ."

तिने काढली. "फुर्रर्र. फुर्रर्र. फुर्रर्र." मोठ्याने, लांब. तिचे डोळे भरले होते. काकांनी मान हलवली, तिला पुढच्या बाजूला पाठवलं आणि मला बोलावलं.

"तुम्ही."

मी खोटं बोलू शकलो असतो. गर्दी होती, गलका होता, मलाही नीट आली नाही, म्हटलं असतं तर त्यांना एक साक्षीदार कमी पडला असता. पण ते माझ्या ओठांकडे बघत होते, आणि बोगस व्हाउचर त्यांनी एकदा पकडलं होतं. मी काढली. "फुर्रर्र. फुर्रर्र. फुर्रर्र."

"जुळतंय," काका म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी काठी शिल्पाच्या हातात दिली. "पुढे तू चाल."

"मला रस्ता कुठे माहितीये?"

"रस्ता मी मागून सांगेन. तू फक्त ऐक."

परतीच्या वाटेवर ते रांगेच्या अगदी शेवटी होते. कुणी सेंट लावलंय का, हे त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर ते येऊरला आले नाहीत. काकू म्हणाल्या, कानाचं मशीन आणलं, पण कपाटात आहे, "म्हणतात, मशीनने ऐकलेलं मी ऐकलं कसं म्हणू?" जिन्यात भेटले तर माझ्या पिशवीकडे बघत, पण पहिल्यासारखं नाही. शिल्पाने फेऱ्या चालू ठेवल्या. फोन घरी ठेवून.

मेच्या शेवटाला, एका पहाटे, मी आणि शिल्पा, आम्ही दोघांनीही नवरंग ऐकला. बांबूंकडूनच. परत येऊन आम्ही तडक दुसरा मजला गाठला. मी बेल दाबली आणि दचकलो. चिमण्या गेल्या होत्या. आत कारखान्याचा भोंगा वाजावा तसा घर्रर्र आवाज झाला, आणि दार काकांनीच उघडलं.

"दोघे?" त्यांनी विचारलं.

"दोघे," मी म्हणालो.

त्यांनी शिल्पाला काकूंबरोबर स्वयंपाकघरात पाठवलं, मधलं दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. पन्नाशी ओलांडलेला मी, त्यांच्या दिवाणखान्यात उभा राहून "व्हीट-टू" करू लागलो. समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडलं आणि हळूच बंद झालं. मग मी स्वयंपाकघरात गेलो, शिल्पा बाहेर.

"मध्ये किती थांबतो?" त्यांचा आवाज आला.

"काही नेम नाही," शिल्पा म्हणाली. "कधी लगेच, कधी बराच वेळ नाहीच."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "मग जिवंत आहे. आला."

चहा घेऊन आम्ही निघालो. पुढच्याच आठवड्यात मी कंपनीच्या कामाने नागपूरला गेलो आणि परत येईपर्यंत काका गेले होते, झोपेत. म्हणून ते शेवटचं बघणं माझ्या लक्षात आहे. त्या सकाळी खाली उतरल्यावर मी वर पाहिलं. रस्त्यावर टँकर उभा होता, त्याचा पंप धडधडत होता, कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. गॅलरीत काका काकूंसमोर उभे होते. त्यांचे ओठ आधी ताणले गेले, मग गोल झाले. काकूंनी मान हलवून नाही म्हटलं आणि स्वतः करून दाखवलं. काकांनी पुन्हा केलं. माझ्यापर्यंत आवाज पोचत नव्हता, पण पक्षी कोणता ते मला खालूनही कळत होतं.